झाले, होणार आणि ताईचे लग्न

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांत माणसे चार आणि पत्रके अगणित. मुंबईहून धर्मपत्रकांचे गठ्ठे येत आणि स्टेशनात गाडी थांबली की बाबा ती खिडक्याखिडक्यांतून वाटत. उरलेली घरी येत. पलंगाचा डुगडुगणारा पाय पत्रकांवर टेकवलेला, मिठाची बरणी पत्रकावर, फळ्यांवर पत्रके पसरलेली. स्टेशनवरचा गूळदाणीवाला, म्हणजे आताचा चिक्कीवाला, बाबांकडून आठवड्याला एक गठ्ठा हक्काने नेई. "लय चांगला कागद, भाऊ. गूळ चिकटत न्हाई," असे त्याचे प्रशस्तिपत्र होते. पुष्कळ प्रवाशांना तारणाचा मार्ग गूळदाणी संपल्यावरच दिसला असेल.

मी शाळेत जाण्याआधी याच कागदांवर अक्षरे शिकले. इतर मुलांचा 'प' पतंगाचा, माझा पश्चात्तापाचा. त्यांचा 'न' नळाचा, माझा नरकाचा. पहिल्या दिवशी बाईंनी विचारले तेव्हा मी हे खणखणीत आवाजात सांगितले आणि शेजारची मुलगी रडायला लागली. लिहिलेल्या शब्दाने माणूस हलतो, हे मला त्या दिवशी कळले. ते वेड अजून गेलेले नाही. चौदाव्या वर्षी मी माझे पहिले पत्रक काढले: 'चर्चमध्ये पुरुषांच्या बाकांना पाठ आहे, बायकांच्या बाकांना का नाही?' खाली ठसठशीत सही केली. पाळकांनी बोलावून माझ्या शुद्धलेखनाचे कौतुक केले. बाकांना पाठ अजून नाही.

सहीचे मुद्दाम सांगते, कारण तो माझा नियम होता. बिनसहीचे पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड, असे मी मैत्रिणींना ऐकवत असे. हाच नियम मी मोडला, आणि त्यापायी माझ्या बहिणीचे लग्न मोडता मोडता राहिले.

बाबा स्टेशनच्या टोकाला असलेल्या केबिनमध्ये कामाला होते. खालून पाहिले की काचेच्या खोलीत उभे राहून खटके ओढताना दिसत. ओढला की दूरवर सिग्नलचा हात पडे आणि गाडीला वाट मिळे. जगाचाही सिग्नल आता पडणार, अशी त्यांची खात्री होती. शास्त्रात शेवटच्या दिवसांविषयी जे सांगितले आहे, म्हणजे लढाया, दुष्काळ, भूकंप, काळा पडलेला सूर्य आणि मग ढगांवरून येणारा प्रभू, ते सगळे अजून व्हायचे आहे आणि लवकरच होणार आहे, असे ते मानत. वर्तमानपत्र आले की लाल पेन्सिल घेऊन बसत आणि जिथे खूण पटेल तिथे रेघ ओढत. बेचाळीस सालच्या उन्हाळ्यात वर्तमानपत्र इतके लाल होई की बातमी वाचता येत नसे. बॉम्बच्या भीतीने मुंबईचे शेटलोक कुटुंबकबिल्यासह लोणावळ्यात येऊन राहिले होते. स्टेशनमास्तरांनी दिव्यांना काळे कागद लावायचा हुकूम काढला, तेव्हा बाबा आईला म्हणाले, "बघ. उजेड झाकला जाईल असं लिहूनच ठेवलंय."

आई म्हणाली, "शास्त्रात आपले स्टेशनमास्तर आलेत का? बरं झालं, त्यांच्या बायकोला सांगते."

माझा बाबांवर पूर्ण विश्वास होता. मला आळशी जग आवडत नसे, आणि ते एकदाचे खडबडून जागे होणार ही कल्पना मला फार पसंत होती. ताईला ती पसंत नव्हती. ताई बावीस वर्षांची होती, मिशनच्या शाळेत शिवण शिकवत होती, आणि तिचे कामशेतच्या तारबाबूशी जवळजवळ ठरले होते. नाताळच्या गायनात तो पेटी वाजवायचा. ताई मुद्दाम एखादा सूर वर धरायची, म्हणजे त्याला मान वर करून बघावे लागे. दोन नाताळ असे गेले. आता बोलणी उरली होती.

मुलाविषयी बाबांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेळेविषयी. "लढाई संपू दे," ते म्हणत. "कदाचित लग्नाची गरजच पडणार नाही."

"मला गरज आहे, बाबा," ताई म्हणे.

आमच्याकडे रोज सकाळी एक गँगमन चहाला येई. रूळ तपासून, हातोडा दाराशी टेकवून उंबऱ्यावर बसे. गाव तिकोणा पेठ, तिथे त्याची थोडी भातखाचरे होती. एका सकाळी त्याने बशीत चहा ओतता ओतता विचारले, "भाऊ, जग बुडायचं म्हंत्यात ते यंदा का फुडल्या साली?"

"तो दिवस कुणालाच माहीत नाही. पण जवळ आलाय."

"मंग राब भाजू का नको? भात लावायचं म्हंजी आत्ताच बगाय पायजे."

"भाज की," बाबा म्हणाले. "खाचर मोकळं का ठेवतोस?"

आतून ताईचा आवाज आला, "चला, भाताला परवानगी मिळाली. आमचीच तेवढी अडली."

गँगमन बशीत तोंड घालून हसला. बाबांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले.

त्याच महिन्यात पुण्याला छापलेले एक पिवळट पत्रक आमच्याकडे आले. खाली सही: 'एक सेवक'. लिहिणाऱ्याचे म्हणणे असे की प्रभूने हे सगळे आपल्यासमोर उभ्या असलेल्या पिढीला उद्देशून सांगितले होते, आणि ती पिढी जिवंत असतानाच ते घडलेही. रोमन फौजांनी यरुशलेमला वेढा घातला, मंदिर जाळले, दगडावर दगड ठेवला नाही. ज्या संकटाची तुम्ही वाट बघता ते एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेले. शेवटी लिहिले होते: 'जो पाऊस पडून गेला त्याच्यासाठी छत्री उघडून बसू नका. छत्री मिटा आणि नांगर धरा.'

बाबांचा चहा निवला. "सगळं झालं म्हणतो हा," ते म्हणाले. "मग आपण वाट कुणाची बघतोय?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त होती. ती मला सहन झाली नाही. मी कागद ओढला.

उत्तर बाबांनी सांगितले आणि मी लिहिले. मुद्दे त्यांचे, धार माझी. बाबा म्हणाले, खाली 'एक पहारेकरी' एवढेच घाल, रेल्वेच्या नोकरीत वाद नको. माझा नियम आठवला, पण समोरच्यानेही सही कुठे केली होती? अशी पळवाट काढून मी गप्प बसले. बाबा ड्यूटीवर गेल्यावर मला वाटले, शेवट मिळमिळीत झाला आहे. म्हणून मी माझ्या पदरचे एक वाक्य जोडले: 'पान वाढण्याआधीच जेवण झाले म्हणून ढेकर देणाऱ्या या उपाशी पंडितांची आम्हांला कीव येते.' रविवारच्या शाळेत जेलीचा ट्रे होता. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद जेलीवर दाबायचा, मग कोरे कागद एकेक दाबून उचलायचे. चाळीस प्रती निघाल्या. बोटे आठवडाभर जांभळी राहिली.

बाबांनी प्रत वाचली, ढेकरेपाशी थांबले. "हे मी सांगितलं होतं?"

"तुमच्या मनात होतं."

ते किंचित हसले. मग चाळीसही प्रती त्यांनी गाडीगाडीतून वाटल्या.

पाचव्या दिवशी तारबाबूचे वडील बोलणी करायला आले. मिशनच्या शाळेत आयुष्यभर व्याकरण शिकवून ते सोमाटण्याला घर करून राहिले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. उंच, काटक, काखेत छत्री. आईने पोहे केले. मी बश्या पुढे केल्या आणि हात पदराखाली लपवले.

सुरुवात गोड झाली. गुरुजी म्हणाले, "पावसाआधी उरकून टाकू. चर्चमध्ये तीन रविवार पुकार व्हायला हवी, म्हणजे तेवढे दिवस धरा."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावे चर्चमध्ये पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. पहिली हरकत बैठकीतच निघाली. बाबा म्हणाले, "गुरुजी, मुलगा सोन्यासारखा आहे. पण हे दिवस लग्नाचे नाहीत. खुणा बघताय ना तुम्ही? लढाई संपेपर्यंत थांबू."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "खुणा? तुम्हीसुद्धा त्यातलेच का?" त्यांनी कोटाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. जांभळे अक्षर मी दुरून ओळखले. "असल्या पत्रकांनी तुमच्यासारख्या भल्या माणसांची डोकी फिरवलीत. परवा गाडीत मिळालं. ऐका. 'पान वाढण्याआधीच जेवण झाले म्हणून ढेकर देणाऱ्या या उपाशी पंडितांची…' हा उपाशी पंडित म्हणजे मी. तो पिवळा कागद माझा होता. आणि हा पहारेकरी कोण, ते मला एकदा बघायचंय."

स्वयंपाकघरात काहीतरी पडले. मी तोंड उघडले, पण बाबा आधी बोलले.

"तो पहारेकरी मीच."

गुरुजींनी उरलेले पोहे संपवले, कारण अन्न टाकायचे नाही हा त्यांचा नियम होता. मग उठले. "जिथे मला ढेकरा मोजून दाखवतात, त्या घरात माझा मुलगा जेवायला कसा बसेल?" छत्री काखेत मारून ते निघून गेले.

बाबा म्हणाले, "प्रभूची इच्छा." पण त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रावर एकही रेघ ओढली नाही.

ताईने माझ्याशी बोलणे टाकले. मला काही सांगायचे असले तर आईमार्फत सांगे. मी समोर बसलेली असे आणि ती म्हणे, "आई, पहारेकरणीला म्हणावं, मीठ दे." चौथ्या दिवशी कामशेतहून तारबाबूचे पत्र आले. माणसाला तारेची इतकी सवय की पत्रही तारेसारखेच: 'वडील रागावले. मी नाही. थांब.' ताईने ते उशीखाली ठेवले, पण आधी आईसमोर आपटून म्हणाली, "यालाही थांबच सुचतं!"

मी बाबांपुढे जाऊन म्हटले, "वाक्य माझं होतं. तुम्ही का घेतलं अंगावर?"

"सही पहारेकऱ्याची होती. पहारेकरी मी."

हे मला थपडेसारखे लागले. सही न करण्याची पळवाट मी काढली आणि भरपाई बाबांनी केली. दुसऱ्या सकाळी आईला सांगितले, सोमाटण्याला जाते. आई म्हणाली, "जा. पण जेवून जा. तिथं जेवणाचा विषय काढू नकोस."

तळेगावला उतरून सोमाटण्यापर्यंत चालत गेले. वाटभर मी भाषण पाठ करत होते. त्यात माफी ढेकरेपुरती होती. मतांची माफी मागणार नव्हते. गुरुजी परसात आंब्याची कलमे लावायला खड्डे खणत होते. मला पाहून त्यांनी कुदळ टेकवली.

"गुरुजी, मी सही करायला आलेय," मी म्हटले. "त्या पत्रकावर. ढेकरेचं वाक्य माझं आहे. बाबांना ते छापून झाल्यावर कळलं."

"माहीत आहे मला."

माझे पाठ केलेले भाषण तिथेच संपले.

"तीस वर्षं जेलीवर प्रश्नपत्रिका काढल्यात मी, मुली. पोह्यांची बशी पुढे केलीस तेव्हाच बोटं बघितली. तुझे वडील म्हणाले 'मीच', तेव्हा मनात म्हटलं, खोटं बोलतोय, पण बाप चांगला आहे." त्यांनी खिशातून कागद काढला. तो लाल शाईने भरला होता. "सात चुका. 'कीव' मध्ये कि ऱ्हस्व काढलीस. कीव करायची तर नीट दीर्घ करावी."

मी कुदळीशेजारी बसून सही केली. मग राहवेना. म्हटले, "सही केली, पण मत बदललेलं नाही."

"न बदलू दे. काय मत आहे?"

"त्या पिढीत सगळं झालं म्हणता. पण पिढी म्हणजे तीच माणसं कशावरून? पिढी म्हणजे वंशही असेल."

"तुझे आजोबा 'आमच्या पिढीत असं नव्हतं' म्हणायचे, तेव्हा वंशाबद्दल बोलायचे का?"

मग मला खरा प्रश्न सुचला, जो मी पत्रकात लिहायला हवा होता. "ठीक आहे, समजा सगळं झालं. मग जग असं का आहे? मुंबईची माणसं बॉम्बला भिऊन आमच्या गल्लीत का राहताहेत? झालं असेल तर नीट का नाही झालं?"

गुरुजींनी खड्ड्यातली माती उपसली. "हा प्रश्न व्याकरणाचा नाही," ते हळूच म्हणाले. "याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून मी झाडं लावतो."

तेवढ्यात ओटीवरून काकूंनी हाक मारली, "अहो, चहा निवतोय!"

"आलोच!" गुरुजी ओरडले आणि पुन्हा कुदळ उचलली.

एक खड्डा झाला. दुसरा सुरू झाला. काकूंची पुन्हा हाक आली. "हा काय, आलोच!" गुरुजी जागचे हलले नाहीत.

माझ्यातला पत्रकवाला खडबडून जागा झाला. "गुरुजी, तुम्ही 'आलो' म्हणालात. हा कुठला काळ?"

"भूतकाळ. आलो, गेलो, बसलो."

"पण तुम्ही तर इथेच आहात. काकू वाट बघतायत. दोनदा भूतकाळ झाला आणि चहा निवला."

कुदळ हवेतच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ओटीकडे पाहिले, आणि मग असे हसले की काकू बाहेर आल्या. "अहो ऐकलंत का, ही पोर म्हणते, मी आलोय पण यायचा आहे!"

"चाळीस वर्षं हेच तर सांगतेय मी," काकू म्हणाल्या. "हे कधी येतात ते एक प्रभूला ठाऊक."

चहा झाला. मी निघाले तेव्हा गुरुजी म्हणाले, "वडलांची ड्यूटी कधी असते?"

दोन दिवसांनी मी बाबांचा डबा घेऊन केबिनकडे गेले, तर खाली गुरुजी उभे. बाहेरच्या माणसाला केबिनमध्ये जायची मनाई, आणि बाबांना ड्यूटी सोडून खाली यायची मनाई. त्यामुळे बोलणी खिडकीतून चालली होती. बाबा वर, गुरुजी खाली रुळांच्या कडेला, छत्री उघडून. पलीकडे आमचा गँगमन हातोडा टेकून ऐकत होता.

"ढेकरेबद्दल मी माफी मागतो!" बाबा वरून ओरडले.

"ती मिळाली! सहीसकट!" गुरुजी खालून ओरडले. "मी लग्नाचं विचारायला आलोय!"

"माझं मत बदललेलं नाही! खुणा सगळ्या…" तेवढ्यात केबिनमध्ये घंटा वाजली. बाबा वळले, खटका ओढला, पुन्हा खिडकीत आले. "गुरुजी, बाजूला व्हा! गाडी आली!"

गुरुजींनी घाटाच्या दिशेने पाहिले. रूळ उन्हात चकाकत होते. गाडीचा पत्ता नव्हता. "कुठाय?"

"आली म्हणतो ना!"

"मला दिसत नाही!"

"अवो गुरुजी," गँगमन म्हणाला, "त्ये आली म्हंत्यात म्हंजी आली! सरका हिकडं!"

"अरे पण आली कुठे?"

"खंडाळा सोडलं तिनं! म्हंजी आलीच की! आता काय वाटंत थांबून भजी खाती व्हय?"

गुरुजी बाजूला सरकले नाहीत. मीच त्यांचा हात धरून त्यांना ओढले. ते वर बघत हसत होते. "साहेब! म्हणजे तुमच्याकडे 'आली' म्हणजे यायची आहे?"

बाबांनी मान बाहेर काढून रुळांकडे पाहिले.

"शास्त्राचं मी म्हणतो झालं, तुम्ही म्हणता होणार," गुरुजी म्हणाले, "आणि दोघांनाही गाडी दिसत नाही! बरं, ते राहू दे. मला एवढंच सांगा. घंटा वाजली, गाडी आली असं कळलं, की तुम्ही काय करता? खटके सोडून हात जोडून बसता?"

"भलतंच!" बाबांचा आवाज चढला. "गाडी आली म्हणजे तर खरं काम! रस्ता मोकळा करायचा, फाटक लावायचं, सिग्नल द्यायचा. तेव्हा बसून कसं चालेल?"

बोलता बोलता ते थांबले. त्यांना स्वतःलाच ऐकू आले असावे.

"मग पोरीचाच सिग्नल का अडकवलाय?" गुरुजींनी विचारले. आवाज आता मुळीच चढलेला नव्हता.

गँगमनने घसा साफ केला. "भाऊ, माज्या भाताला तर तुमीच व्हय म्हनलावता."

मग गाडी खरोखरच आली. धडधडत आमच्यामधून गेली, आणि डबेच्या डबे जाईपर्यंत ना आम्हांला बाबा दिसत होते, ना त्यांना आम्ही. मी मनात प्रार्थना केली. ती कुठल्या काळातली होती ते मला ठाऊक नाही. शेवटचा डबा गेला तेव्हा बाबा खिडकीत तसेच होते. रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "पहिली पुकार या रविवारी घालायची का?"

मी डबा तिथेच ठेवून घरी पळत सुटले. ताई मशीनवर बसली होती. मी धापा टाकत म्हटले, "झालं!"

"झालं की होणार?" ताईने विचारले. आठवडाभरात ती माझ्याशी बोलली तो हा पहिला शब्द.

मत कुणाचेच बदलले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. लग्नपत्रिकेत बाबांनी हट्टाने घालायला लावले: 'प्रभू त्याआधी न आल्यास'. गुरुजींनी लाल शाईने ते खोडले. बाबांनी पुन्हा घातले. पत्रिका सोमाटणे आणि लोणावळा यांच्यामध्ये तीनदा फिरली. शेवटी मी दोघांना न विचारता लिहिले, 'प्रभूच्या साक्षीने', आणि खाली निमंत्रकांत माझीही सही घातली. साक्षीला काळ लागत नाही, हा मुद्दा दोघांनीही मान्य केला. गुरुजींनी त्यात एकच चूक काढली.

तीनही रविवार मी जीव मुठीत धरून पाठ नसलेल्या बाकावर बसले. तिसऱ्या पुकारीला, कुणाची हरकत आहे का असे पाळकांनी विचारले आणि बाबा उभे राहिले. ताईने माझा हात इतका आवळला की नखे उमटली. बाबा चालत गेले, वाऱ्याने आपटणारी खिडकी लावली आणि परत येऊन बसले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताई कामशेतला निघाली. कामशेत असे किती लांब? गाडीत गूळदाणी फोडून होईपर्यंत येते. पण बाबांनी ड्यूटी बदलून घेतली नव्हती. म्हणाले, तिच्या गाडीचा सिग्नल दुसरा कुणी देणार नाही. ताई फलाटावरूनच केबिनकडे हात करून ओरडली, "बाबा, येते हं!" आमच्यात जाताना 'जाते' म्हणत नाहीत. गुरुजी माझ्या कानाशी पुटपुटले, "वर्तमानकाळ. अर्थ मात्र तिसराच." आणि त्यांनी नाक शिंकरले.

मग मी डब्याचे निमित्त करून केबिनखाली गेले. वर घंटा वाजली. खटका ओढल्याचा आवाज आला, दूरवर सिग्नलचा हात पडला. बाबा खिडकीत आले आणि खाली माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गेली."

गाडी अजून फलाटावरच उभी होती.